पाण्याचा रकाना

बुधवारी सकाळी साडेआठला मातीच्या आठव्या नमुन्याला जोडलेल्या काचेच्या नळीत पाणी वरच्या खुणेपाशी होतं. पावणेबाराला ते चार बोटं खाली आलं होतं. मातीबाईने नळीला टिचकी मारली, कुठे बुडबुडा अडकला नाही ना ते पाहिलं, खालचं बूच पुन्हा आवळलं आणि वहीत आकडा लिहिला. मग पेन आपटलं. प्रयोगशाळा म्हणजे मालवाहतुकीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात काहीही आपटलं तरी बाहेर ऐकू जायचं.

"गेला?" बाहेरून मुकादमाने विचारलं.

"गेला. पूर्वेकडचा तिसरा."

"मग तुमच्या मशीनचंच काहीतरी बिघडलंय बघा."

"हे मशीन नाही, नळी आहे. नळीत बिघडण्यासारखं काय असतं?"

"बूच असतं," मुकादम म्हणाला आणि दारात येऊन उभा राहिला. ठेकेदाराची सगळी कामं तो बघायचा, आणि कुठलंही काम बिघडलं की ते दुसऱ्याचं निघतं असा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता. "सोमवारी नळी गळली, काल नळी गळली, आज नळी गळली. आमचा थर बिचारा रोज तिथेच पडलाय. हलला तरी का?"

मातीबाईने वहीचं पुढचं पान उलटलं. हे टोपणनाव तिला मजुरांनी दिलेलं होतं. एकोणीस वर्षं माती तपासून झाल्यावर तिला त्यात वावगंही वाटत नव्हतं.

खाली शहराच्या कचऱ्यासाठी नवा खड्डा तयार होत होता. फुटबॉलच्या मैदानाएवढा, दोन मजले खोल. पलीकडे जुना ढीग होता. त्याच्या तळाला कोणी काहीच घातलं नव्हतं, त्यामुळे कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी वर्षानुवर्षं सरळ जमिनीत उतरलं होतं. नव्या खड्ड्यात तसं होऊ नये म्हणून तळाला दोन फूट जाडीचा मातीचा थर द्यायचा होता. इथली माती वाळूसर. ती पाणी धरत नाही. म्हणून तिच्यात शंभराला सहा या मापाने बेंटोनाइट मिसळायचं. पिठासारखी बारीक, राखाडी पूड असते ही. पाणी मिळालं की फुगते आणि वाळूच्या कणांमधल्या फटी बुजवून टाकते. मिश्रण ओलं करून मळायचं, पसरायचं, रोलरने दाबायचं. नीट जमलं तर त्या थरातून पाणी वर्षाला जेमतेम दोन पेरं खाली सरकतं.

थरातून आठ नमुने काढले होते. पश्चिमेचे चार आणि मधला पाचवा उत्तम निघाले. पूर्वेचे तीन सांगत होते की पाणी वर्षाच्या आत आरपार जाईल.

दुपारी साहेबांनी तिला आणि मुकादमाला बोलावलं. साहेब म्हणजे या कामावरचे सरकारी अभियंता. त्यांच्या टेबलावर कागद कमी आणि कागद दाबायच्या वस्तू जास्त होत्या.

"आठपैकी पाच पास," ते म्हणाले. "बाई, हे बहुमत आहे."

"साहेब, पाणी मतदान करत नाही. जिथे फट दिसेल तिथून जातं."

"बरोबर आहे. पण सरासरी वगैरे काही असतं की नाही?"

"एका बुटाला भोक असलं तर दोन्ही पाय सरासरीने भिजतात का?"

मुकादम हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर हसायचा थांबला.

"वर प्लास्टिकची जाड चादर येणारच आहे की," तो म्हणाला. "खालच्या मातीचं एवढं काय घेऊन बसलात?"

"चादरीला टाचणीएवढं भोक पडलं तर कोण बुजवणार आहे? वर वीस मीटर कचरा असेल. तेव्हा ही मातीच लागणार आहे. म्हणून तर ती घालतोय."

"तात्त्विकदृष्ट्या मी तुमच्या बाजूने आहे," साहेब म्हणाले. ते नेहमी तात्त्विकदृष्ट्या तिच्याच बाजूने असत. "पण चादर सोमवारी पसरायला घ्यायची आहे. जुन्या ढिगावर आता गाडी चढत नाही, ते तुम्हीही बघताय. शनिवारी सकाळी मला तुमची सही पाहिजे. पुन्हा तपासा."

"पुन्हा तपासलं तर तेच निघेल."

"मग नीट तपासा."

सहीचा अर्थ तिला ठाऊक होता. चादर एकदा पसरली की तो थर पुढची दोनशे वर्षं कोणी पाहणार नव्हतं. तो चांगला असो की चाळणीसारखा, त्याबद्दलची शेवटची गोष्ट म्हणजे तिची सही.

गुरुवारचा दिवस तिने सगळं उलटसुलट तपासण्यात घालवला. रिकामी पोती मोजली, बरोबर. रोलरच्या फेऱ्या पाहिल्या, बरोबर. थराचा ओलावा, जाडी, ढेकळांचा आकार, सगळं कागदाबरहुकूम. चूक सापडली असती तर ती इतकी वैतागली नसती. कुठेच चूक नाही आणि थर मात्र गळतोय, हे तिला सहन होत नव्हतं. रोलरवाल्याला तिने तेच तीनदा विचारलं. चौथ्या वेळी तो रोलर घेऊनच दुसरीकडे निघून गेला.

उरली पूड. पूर्वेसाठी आलेल्या पोत्यांत भेसळ असेल का? तपासणी सोपी होती. काचेच्या उभ्या नळकांड्यात शंभर मिलिलिटर पाणी घ्यायचं, दोन ग्रॅम पूड चिमटी-चिमटीने वरून सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी ती किती फुगली ते पाहायचं. चांगली पूड चोवीसच्या खुणेच्या वर जाते. तिने सहा पोत्यांमधून सहा नमुने घेतले. पाच नळकांडी भरली आणि सहाव्याला पाणी संपलं.

"या कॅनमधलं पाणी कोणी घेतलं?"

बाहेर कोणीतरी खोकलं.

"शुद्ध पाणी होतं ते! वर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, हात लावू नये!"

"हात नाही लावला," मुकादमाचा आवाज आला. "जेवणाचे डबे धुतले फक्त."

संध्याकाळचे सहा वाजले होते. नवीन कॅन सकाळीच मिळणार होता. तिने दात-ओठ खात सहावं नळकांडं उचललं, खाली उभ्या टँकरच्या नळीतून भरून आणलं, त्यावर चिठ्ठी चिकटवून 'टँकरचं पाणी' असं लिहिलं आणि पूड सोडत बसली. चिमटी टाकायची, थांबायचं, पुढची चिमटी. दोन ग्रॅमला पाऊण तास लागतो. ज्याने डबे धुतले त्याच्या सात पिढ्यांचा तेवढ्यात उद्धार झाला.

शुक्रवारी सकाळी पाच नळकांड्यांत पूड पंचवीस-सव्वीसपर्यंत फुगली होती, मऊ, लुसलुशीत. सहाव्यात ती नवाच्या खुणेवर बसली होती, तळाशी पडलेल्या रेतीसारखी.

सापडलं! सहावं पोतं खराब. तिने लगेच त्याच पोत्यातली पूड नव्या कॅनच्या पाण्यात सोडली. दुपारी दोनला ती वीसच्या वर चढलेली होती आणि अजून चढत होती. पोत्याचा काही दोष नव्हता. मातीबाई दोन्ही नळकांडी शेजारी-शेजारी ठेवून काही वेळ नुसती बघत राहिली. मग चिठ्ठीवर आपणच लिहिलेले दोन शब्द तिने वाचले आणि छत्री न घेताच भर उन्हात टँकरकडे निघाली.

टँकर तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा होता. भाऊजी सावलीत, चाकाला टेकून बसले होते.

"ये. बस. तोंड असं का झालंय?"

"भाऊजी, पाणी कुठून आणता?"

"टँकरमधून."

"टँकरमध्ये कुठून येतं?"

"हे बघ, पाण्याला काय जन्मदाखला लागतो? पाणी ते पाणी."

"शहराच्या फिल्टर हाउसमधून आणता ना? सुरुवातीला तसंच ठरलं होतं."

"आणत होतो की. पहिले दोन आठवडे, पश्चिमेचं आणि मधलं काम होईपर्यंत, तिथूनच आणलं. तेव्हा दिवसाला तीन खेपा होत्या. मग तुझा तो मुकादम म्हणाला सहा पाहिजेत. फिल्टर हाउसला दोन तास रांग असते. माणसाने रांगेत म्हातारं व्हायचं का? म्हणून मग विहिरीवरून आणायला लागलो."

"कुठली विहीर?"

भाऊजींनी मान न वळवता अंगठा मागे केला. जुन्या ढिगाच्या पायथ्याशी, काटेरी झुडपांच्या पलीकडे, विहिरीचा गोल कठडा दिसत होता.

"ढिगाखालची?" तिचा आवाज चिरका झाला. "तिथलं पाणी घातलंत?"

"काचेसारखं आहे. तळ दिसतो. येऊन बघ."

"पिता का तुम्ही ते?"

"छे! कोण पिणार? खारट आहे, आणि जिभेवर कसंसंच लागतं. माझं पिण्याचं मी घरून आणतो."

"म्हणजे खारट आहे हे तुम्हाला माहीत होतं!"

"मी कुठे प्यायला देत होतो? मातीत ओतायचं होतं. मातीला काय चव कळते?"

"मातीलाच कळते, भाऊजी," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. "माणूस थुंकून टाकतो. ही पूड थुंकू शकत नाही. खारं पाणी मिळालं की फुगतच नाही. नुसती पडून राहते."

भाऊजी चाकापासून पुढे सरकले. "मग आता गोडं पाणी मारायचं वरून. चार खेपा जास्त मारतो."

"नाही होत तसं. एकदा ते क्षार तिच्यात शिरले की पुन्हा पहिल्यासारखी फुगत नाही. उकरून काढावा लागेल तो थर. पूर्वेकडचा सगळा."

"अगं बाई!"

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?" भाऊजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा तुझाच तक्ता. रोज मी भरतो, तू सही करतेस. पाणी किती लिटर? लिहिलंय. कुठलं, असं यात आहे का कुठे? दाखव."

तिने कागद घेतला. तो तक्ता तिनेच अकरा वर्षांपूर्वी बनवला होता. तारीख, पोती, ओलावा, रोलरच्या फेऱ्या, पाणी लिटरमध्ये. इतका आटोपशीर, की दुसऱ्या तीन कामांवरच्या लोकांनी तो मागून नेला होता. कुठलं पाणी, हा रकाना त्यात नव्हता. जुन्या ढिगातून झिरपलेलं पाणी ज्या विहिरीत उतरलं, त्याच पाण्याने नव्या ढिगाचा तळ मळला गेला होता, आणि त्याच्या प्रत्येक दिवसाखाली तिची सही होती.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"यांचं नाव घालणार आहेस का कागदावर?"

"भाऊजींनी सांगितलं वाटतं."

"घरी आल्यापासून विहीर-विहीर चाललंय. जेवलेही नाहीत. हे बघ, त्यांचं चुकलं असेल, पण मुद्दाम नाही केलं. ते तसे आळशी आहेत, लबाड नाहीत. चाळीस वर्षं संसार केलाय मी, मला ठाऊक आहे."

"मी नाव घालणार नाही, ताई."

"खरंच?"

"त्यांच्यासाठी नाही. नाव घातलं तर काय होईल सांगू? सगळ्यांना एक माणूस मिळेल. टँकरवाल्याला काढतील, हात झटकतील, आणि 'कारवाई झाली' म्हणून सोमवारी चादर पसरतील. थर तसाच राहील."

"तू नेहमीच एवढं कठीण का बोलतेस?" ताई म्हणाली. पण तिचा आवाज सैल झाला होता. "मग कोणाचं नाव घालणार?"

"बघते."

शनिवारी सकाळी साहेबांच्या खोलीत ती दोन नळकांडी घेऊनच गेली. एक फुगलेलं, एक न फुगलेलं. दोन्ही टेबलावर ठेवायला तिला कागद दाबायच्या तीन वस्तू बाजूला सरकवाव्या लागल्या. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, दोन्ही नळकांडी हलवून पाहिली, आणि जे विचारणार म्हणून तिला ठाऊक होतं तेच विचारलं.

"मग चूक कोणाची?"

"आमची नाही," मुकादम म्हणाला. त्याने फायलीतून एकतीस तक्ते काढून मांडले. "प्रत्येकावर बाईंची सही. जेवढं पाणी लिहिलंय तेवढं घातलं. उकरायचं म्हटलं तर आम्ही लेखी हरकत घेणार."

"हरकत घेतली तर चौकशी लागेल," साहेब म्हणाले. "चौकशीला चार महिने. तोवर कचरा कुठे टाकायचा? माझ्या डोक्यावर?" त्यांनी कपाळ चोळलं. "बाई, एक मार्ग आहे. पूर्वेकडे चादर दुहेरी घालू. तुम्ही सशर्त सही करा."

"साहेब, थर गळतोय. त्यावर कुठली शर्त घालायची? गळू नये अशी?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत आडव्या जाता."

"कारण प्रत्येक गोष्ट तिरकी येते माझ्याकडे!"

मुकादम तक्ते जुळवत होता. एकतीस कागदांच्या कडा तो टेबलावर ठोकून सारख्या करत होता. हा माणूस कामात इतका नीटनेटका असता तर, असं तिच्या मनात आलं. आणि मग हेही आलं, की ते कागद नीटनेटकेच होते. तिचेच होते.

तिने साहेबांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्या-उभ्याच लिहिलं. पाण्याचा स्रोत नोंदवण्याची सोय तपासणीच्या तक्त्यात नव्हती. तक्ता प्रयोगशाळेने बनवला होता. रोजची तपासणी प्रयोगशाळेची जबाबदारी होती. पाणी तपासलं गेलं नाही. म्हणून पूर्वेकडचा थर नापास करण्यात येत असून तो काढून नव्याने घालावा. खाली सही, तारीख, वेळ. दहा वाजून पाच मिनिटं.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"वा! आता कसं स्पष्ट झालं."

"मग उकरायचं?" तिने विचारलं.

"उकरावंच लागेल. तुम्हीच नापास केलंय. तुमची हरकत आहे का?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"चूक आमची नसेल तर आमची कशाला हरकत? मंगळवारी मशीन लावतो," मुकादम म्हणाला. "मी तर पहिल्यापासून सांगत होतो की थर बरोबर नाही वाटत."

चार दिवस तिने आकडे दाखवले, नळ्या दाखवल्या, माती हातात दिली. कोणी जागचं हललं नव्हतं. दोषाला एक पत्ता मिळाल्याबरोबर सगळे पटापट हलले.

"अर्थात," साहेब दाराशी तिला म्हणाले, "असा कागद आल्यावर तुम्हाला इथे ठेवणं मला अवघड आहे. तात्त्विकदृष्ट्या तुम्ही योग्यच केलंत."

"कधीपर्यंत?"

"बुधवारी दुपारी बारापर्यंत किल्ल्या द्या. नवीन तपासनीस येतील."

मंगळवारी मशीन आलं नाही. ते बुधवारी सकाळी आलं. तोवर भाऊजी फिल्टर हाउसच्या रांगेत उभं राहून दोनच खेपा आणू शकले होते आणि दोन्ही वेळा पावती तिच्या नाकासमोर धरून गेले होते. ताईचा पुन्हा फोन येऊन गेला. आता त्यांना घरी यायला रोज नऊ वाजतात आणि याला जबाबदार कोण, असा तिचा प्रश्न होता.

नवीन तपासनीस साडेअकराला आले. शांत, चष्मा लावणारे गृहस्थ. त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या, नळ्या मोजून घेतल्या, सही केली आणि डबे ठेवायला जागा कुठे आहे ते विचारलं. बाराला पाच कमी असताना तिने पिशवी खांद्याला लावली आणि खड्ड्याच्या कडेने फाटकाकडे निघाली.

खाली मशीनचं बकेट पूर्वेच्या थरात घुसत होतं. राखाडी-तपकिरी माती फळ्यांसारखी निघत होती. दाबलेली होती उत्तम. रोलरवाल्याने काम चोख केलं होतं. तिने थांबून पाहिलं. पहिलं बकेट भरलं, मशीन वळलं, वर आलं, आणि सरळ उत्तरेकडच्या ढिगाकडे निघालं. उत्तरेकडचा ढीग ताज्या मातीचा होता. नव्या थरासाठी काल चाळून ठेवलेल्या, अजून पाण्याचा थेंब न लागलेल्या मातीचा.

"ए! तिकडे नाही!" ती ओरडली.

मशीनवाल्याने कानात काहीतरी घातलेलं होतं. बकेट पुढे सरकत राहिलं.

"खराब माती चांगल्यात टाकतोय तो! कोणी सांगितलं त्याला?"

मुकादम सावलीतून उठला. "कुठेतरी टाकायलाच पाहिजे ना, बाई! जागा कुठे आहे? माती ती माती!"

मातीबाईने पिशवी तिथेच टाकली आणि पळत सुटली. पंचावन्नाव्या वर्षी भुसभुशीत ढिगावर चढताना पाय दोनदा गुडघ्यापर्यंत रुतले, एक चप्पल मागे राहिली. ती माथ्यावर पोहोचली तेव्हा बकेट तिच्या डोक्यावर दोन हातांवर येऊन थांबलं. मशीनवाल्याने कानातलं काढलं आणि काच खाली केली.

"उतरा! मरायचंय का?"

"पश्चिमेला, त्या रस्त्यापलीकडे टाक. वेगळा ढीग कर."

त्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

"बाई," तो खालून ओरडला, "तुमचं आता इथे काही काम नाही!"

"म्हणून तर माझ्याकडे वेळ आहे," ती म्हणाली आणि ढिगाच्या माथ्यावर मांडी घालून बसली.

डब्याच्या दारातून नवीन तपासनीस चष्मा पुसत बघत होते. मशीनवाल्याने एक शिवी दिली, ती कोणाला ते कळलं नाही, आणि भरलेलं बकेट हळूहळू पश्चिमेकडे वळलं.